शिवाजी पार्क परिसर, दादर

शिवाजी पार्क हा मुंबई शहरातील दादर (पश्चिम) आणि माहीम यांच्या दरम्यान, अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगत वसलेला निवासी परिसर आहे. याच नावाचे सुमारे २८ एकरांचे सार्वजनिक मैदान त्याच्या मध्यभागी आहे. मैदानाभोवतीचे वृक्षाच्छादित रस्ते, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात बांधलेल्या तीन-चार मजली इमारती, किनाऱ्यावरील हिंदू स्मशानभूमी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अंत्यसंस्कारस्थळ असलेली चैत्यभूमी हे या परिसराचे प्रमुख घटक होत. क्रिकेट, राजकीय सभा आणि मराठी मध्यमवर्गाचे नागरी जीवन या तीन गोष्टींशी शिवाजी पार्कचे नाव विशेषत्वाने जोडले गेले आहे. खुल्या जागेचा वापर कोणी, कशासाठी आणि किती करावा, हा या परिसरापुढील जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न आहे.

स्थान व विस्तार

परिसराच्या पश्चिमेस अरबी समुद्र व दादर चौपाटी, उत्तरेस माहीम, दक्षिणेस प्रभादेवी आणि पूर्वेस दादर स्थानकाकडे जाणारा बाजारपेठेचा भाग आहे. दादर हे पश्चिम व मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरील स्थानक असून ते मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मैदान व समुद्र यांच्यामधून स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग जातो. हा रस्ता पूर्वी कॅडेल रोड या नावाने ओळखला जाई. पूर्वेकडील लेडी जमशेटजी मार्ग उत्तरेस माहीमच्या सेतुमार्गाला मिळतो. मुंबई बेट व साष्टी यांना जोडणारा हा सेतुमार्ग १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली होती आणि त्यांचेच नाव रस्त्याला देण्यात आले. परिसराचा डाकक्षेत्र क्रमांक ४०००२८ असल्याने जुने रहिवासी पत्त्यात ‘दादर २८’ असा उल्लेख करतात.

इतिहास

पार्श्वभूमी

माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक होते. नारळीच्या दाट वाड्या, माडाची ताडी काढणारे भंडारी, कोळी व शेती करणारे समाज, जुनी चर्चे आणि मखदूम अली माहीमी यांचा दर्गा ही या भागाची पूर्वापार ओळख होती. मुंबईचे दाट वस्तीचे शहर त्या काळी बरेच दक्षिणेस होते आणि दादर-माहीम हा त्याच्या वेशीबाहेरचा मुलूख समजला जाई.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट, हवा व उजेड नसलेल्या दाट वस्त्यांत तिचा प्रादुर्भाव तीव्र होता. त्यानंतर १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ या मंडळाची स्थापना झाली. या मंडळाने रेल्वेमार्गाच्या पूर्वेस दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथे उपनगरीय वसाहतींच्या योजना आखल्या. दादरची पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी व पाच उद्यानांचा परिसर ही त्यांचीच फळे होत. रुंद रस्ते, दोन इमारतींमधील मोकळी जागा, उंचीची मर्यादा आणि वस्तीच्या मध्यभागी उद्यान ही या योजनांची तत्त्वे होती. रेल्वेच्या पश्चिमेस शिवाजी पार्कची वसाहत वसवताना याच तत्त्वांचे अनुकरण झाले. हे मंडळ १९३३ मध्ये मुंबई महानगरपालिकेत विलीन करण्यात आले.

मैदानाची निर्मिती व नामकरण

महानगरपालिकेने १९२५ मध्ये हे मैदान ‘माहीम पार्क’ या नावाने जनतेसाठी खुले केले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. त्या काळी शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष १६२७ असे सर्वसाधारणपणे मानले जाई. त्यामुळे ते वर्ष त्रिशताब्दीचे म्हणून साजरे झाले. जेधे शकावलीच्या आधारे पुढे मान्य झालेली १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी त्या वेळी अधिकृतरीत्या रूढ झालेली नव्हती. अवंतिकाबाई गोखले या स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या होत्या. त्यांनी लिहिलेले महात्मा गांधींचे मराठी चरित्र १९१८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले होते.

वसाहतीचा विकास

मैदानाभोवतीच्या भूखंडांवर १९३० व १९४० च्या दशकांत वेगाने बांधकामे झाली. गिरगाव व आसपासच्या भागांतील चाळींमधून अनेक मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे येथे राहावयास आली. सामायिक नळ व शौचालय असलेल्या चाळीतील खोलीऐवजी स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय असलेला ‘ब्लॉक’ ही त्या पिढीच्या दृष्टीने राहणीमानातील मोठी झेप होती. शाळा, वाचनालये, व्यायामशाळा, उपाहारगृहे व नाट्यगृहे यांच्या भोवती एक सुस्थिर नागरी जीवन आकारास आले. १९४० मध्ये स्थापन झालेले बालमोहन विद्यामंदिर ही या परिसरातील प्रसिद्ध मराठी शाळा होय.

मैदान

कट्टा

मैदानाभोवती बसण्याजोग्या उंचीची एक अखंड भिंत आहे. तिला ‘कट्टा’ म्हणतात. तिची एकूण लांबी एक किलोमीटरहून अधिक आहे. कट्ट्याच्या बाहेरील पदपथावर पहाटेपासून फेऱ्या मारणाऱ्यांची वर्दळ असते. दुपारी शाळा-महाविद्यालयांतील मुले, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक आणि रात्री तरुणांचे घोळके अशी कट्ट्यावरील गर्दी प्रहरागणिक बदलते. मैदानाला उंच तट किंवा प्रवेशशुल्क नाही. चहूबाजूंनी दिसणारी आणि कोणासही बसता येईल अशी ही हद्द मैदानाच्या सार्वजनिक स्वरूपाचे प्रतीक मानली जाते.

मैदानात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. हातात उगारलेली तलवार नसून पुढे केलेला हात असणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. मैदानाच्या कडेने उद्यान गणेश मंदिर, शिवाजी पार्क जिमखाना, बंगाल क्लब, समर्थ व्यायाम मंदिर आणि ज्येष्ठांसाठी राखलेले नाना-नानी पार्क आहे. बंगाल क्लबच्या वतीने येथे दरवर्षी दुर्गापूजेचा उत्सव होतो. जवळच महात्मा गांधी स्मृती जलतरण तलाव व स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आहे.

क्रीडा

शिवाजी पार्क हे मुंबई क्रिकेटचे एक उगमस्थान समजले जाते. मैदानावर एकाच वेळी अनेक खेळपट्ट्यांवर सराव व सामने चालतात. एका सामन्यातील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या हद्दीत उभा आहे, हे येथील नित्याचे दृश्य आहे. विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर यांच्यासारख्या भारतीय संघातील खेळाडूंची जडणघडण या मैदानाशी निगडित आहे.

प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी अनेक दशके येथे विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात मुलांना शिकवले. सराव संपत आला की यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. जो गोलंदाज तेंडुलकरला बाद करील त्याला ते मिळे, आणि तेंडुलकर नाबाद राहिला तर ते त्याचे होई. ही त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. आचरेकर यांचे २ जानेवारी २०१९ रोजी निधन झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मैदानावर त्यांच्या स्मारकाचे अनावरण करण्यात आले.

समर्थ व्यायाम मंदिर हे मल्लखांब प्रशिक्षणाचे महत्त्वाचे केंद्र आहे. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा शिवाजी पार्क येथे भरली. संस्थेचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

सभा व समारंभ

स्वातंत्र्यपूर्व काळापासून हे मैदान सभांसाठी वापरले जात आहे. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या काळात येथे झालेल्या प्रचंड सभांमुळे त्याला राजकीय महत्त्व प्राप्त झाले. आचार्य अत्रे यांच्यासारख्या वक्त्यांची भाषणे ऐकण्यासाठी येथे मोठा जनसमुदाय लोटत असे. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी येथे झाला आणि पुढे ती त्या पक्षाची वार्षिक परंपरा बनली. शिवसैनिक या मैदानास ‘शिवतीर्थ’ म्हणतात. मनोहर जोशी यांनी १९९५ मध्ये व उद्धव ठाकरे यांनी २०१९ मध्ये मुख्यमंत्रिपदाची शपथ येथेच घेतली. प्रजासत्ताक दिन व महाराष्ट्र दिन यांचे राज्यस्तरीय संचलनही सहसा या मैदानावर होते.

शिवसेनेचे संस्थापक बाळ ठाकरे यांच्यावर १८ नोव्हेंबर २०१२ रोजी मैदानातच अंत्यसंस्कार करण्यात आले. त्या जागेनजीक स्मृतिस्थळ आहे. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गायिका लता मंगेशकर यांच्यावरही येथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर त्यांचे स्मारक मैदानात उभारावे अशी मागणी पुढे आली. मात्र खेळाचे मैदान स्मारकांनी व्यापले जाऊ नये, अशी भूमिका खेळाडू, रहिवासी व काही राजकीय नेत्यांनी मांडली.

अन्य उद्याने व किनारा

दादरमधील वीर कोतवाल उद्यान हे प्लाझा चित्रपटगृहाजवळ आहे. माथेरानचे क्रांतिकारक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ उद्यानाला हे नाव देण्यात आले आहे. दाट बाजारपेठेच्या तोंडाशी असल्याने हे उद्यान मुख्यतः वाटसरू व खरेदीसाठी आलेल्यांच्या विसाव्याची जागा आहे.

दादर चौपाटी हा या परिसराचा पश्चिमेकडील मोकळा भाग होय. लाटांच्या माऱ्याने वाळूचा पट्टा झिजत जाणे ही येथील जुनी समस्या आहे. भरतीच्या वेळी काही ठिकाणी पाणी संरक्षक भिंतीपर्यंत येते. किनाऱ्यावर माता रमाई आंबेडकर यांच्या नावाने समुद्रदर्शनासाठी सज्जा बांधण्यात आला आहे. तेथून २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. गणेशोत्सवात परिसरातील व मध्य मुंबईतील अनेक मूर्तींचे विसर्जन या चौपाटीवर होते.

स्मशानभूमी व चैत्यभूमी

भागोजी कीर स्मशानभूमी

किनाऱ्यालगतची हिंदू स्मशानभूमी ‘दानशूर भागोजी कीर स्मशानभूमी’ या नावाने ओळखली जाते. रत्नागिरीच्या भंडारी समाजातील भागोजीशेठ कीर हे हलाखीच्या स्थितीतून मुंबईतील नामांकित बांधकाम कंत्राटदार झाले. या स्मशानभूमीसाठी त्यांनी मोठे आर्थिक साहाय्य केले. रत्नागिरीतील पतितपावन मंदिरही त्यांनीच बांधून दिले. सर्व जातींच्या हिंदूंना प्रवेश असलेले हे मंदिर विनायक दामोदर सावरकर यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये खुले झाले. स्मशानभूमीत लाकडाच्या चितेबरोबरच दाहिनीचीही सोय आहे. परिसरातील सामान्य रहिवाशांप्रमाणेच साहित्य, नाट्य, क्रीडा व राजकारण या क्षेत्रांतील अनेक व्यक्तींवर येथे अंत्यसंस्कार झाले आहेत. रमाकांत आचरेकर यांचा अंत्यविधी येथेच झाला. ज्या मैदानावर त्यांनी आयुष्य वेचले ते तेथून काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

चैत्यभूमी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईस आणून दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या त्यांच्या निवासस्थानी ठेवण्यात आले. ७ डिसेंबर रोजी तेथून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीवर पोहोचली आणि बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले. भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत जमलेल्यांपैकी असंख्य लोकांनी चितेच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूर येथील १४ ऑक्टोबरच्या धम्मदीक्षा सोहळ्यास तेव्हा दोन महिनेही पूर्ण झाले नव्हते.

अंत्यसंस्काराच्या जागी उभारलेल्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी बाबासाहेबांच्या स्नुषा मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. स्तूपाच्या उभारणीसाठी बाबासाहेबांचे पुत्र यशवंत आंबेडकर यांनी लोकवर्गणी जमवली होती. चौरस आकाराच्या पायावर लहानसा घुमट अशी स्तूपाची रचना असून आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. प्रवेशाशी सांची येथील तोरणाची प्रतिकृती व आवारात अशोकस्तंभाची प्रतिकृती आहे. वास्तू आकाराने लहान आहे. तिचे महत्त्व तेथे येणाऱ्या जनसमुदायावरून कळते.

दरवर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून व देशाच्या अन्य भागांतून लाखो अनुयायी चैत्यभूमीवर अभिवादनासाठी येतात. त्यांच्या निवासाची, पाण्याची व वैद्यकीय मदतीची व्यवस्था शिवाजी पार्क मैदानावर मंडप उभारून केली जाते. या काळात मैदानावर पुस्तकांची शेकडो दुकाने लागतात. आंबेडकरी साहित्य, राज्यघटनेच्या प्रती, बुद्धचरित्रे व दलित साहित्य यांची मोठी विक्री होते. ग्रामीण भागातील अनेक वाचकांसाठी ही वर्षातील ग्रंथखरेदीची मुख्य संधी असते. अनेक लहान प्रकाशक आपली नवी पुस्तके या दिवसाचे औचित्य साधून प्रसिद्ध करतात. जवळच, प्रभादेवीच्या बाजूस, पूर्वीच्या इंदू मिलच्या सुमारे १२ एकर जागेवर बाबासाहेबांच्या भव्य स्मारकाची योजना आहे. त्याचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले.

निवासी रस्ते

केळुसकर मार्ग

मैदानाला लागून जाणारा केळुसकर मार्ग हा या परिसराचा सर्वांत परिचित निवासी रस्ता होय. त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग आहेत. शिक्षक व लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे नाव त्यास दिले आहे. केळुसकर यांनी शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले, तसेच गौतम बुद्धाचेही चरित्र लिहिले. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याबद्दल सत्कारसभा भरली, तेव्हा केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला होता. दादरमधील एका प्रमुख रस्त्यास त्यांचेही नाव आहे. शिवाजी महाराजांच्या नावाचे मैदान, त्यांच्या चरित्रकाराच्या नावाचा रस्ता आणि त्याच चरित्रकाराने ज्याच्या हाती बुद्धचरित्र दिले त्या विद्यार्थ्याचे समाधिस्थळ हे तिन्ही येथे एकमेकांच्या जवळ आले आहेत.

अन्य रस्ते

रानडे मार्ग हा स्थानकाकडून शिवाजी पार्ककडे येणारा रस्ता असून त्याचा पूर्वेकडील भाग कपडे, भांडी, पूजासाहित्य व खाद्यपदार्थ यांच्या दुकानांनी गजबजलेला असतो. मैदान जवळ येऊ लागताच दुकाने विरळ होतात आणि निवासी इमारती सुरू होतात. न. चिं. केळकर मार्गावर श्री शिवाजी मंदिर हे नाट्यगृह आहे. मराठी व्यावसायिक रंगभूमीचे ते एक प्रमुख केंद्र होय. नाटककार राम गणेश गडकरी यांच्या नावाच्या चौकात शिवसेना भवन आहे. एम. बी. राऊत मार्ग व त्याला मिळणाऱ्या आडव्या गल्ल्या तुलनेने शांत आहेत. सावरकरांचे निवासस्थान ‘सावरकर सदन’ याच परिसरात आहे. गोखले मार्गावरील ‘पोर्तुगीज चर्च’ या नावाने परिचित असलेल्या चर्चची स्थापना १५९६ मध्ये झाली. चर्चच्या आजच्या वास्तूचा आराखडा वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तयार केला.

वास्तुशैली

मैदानाभोवतीच्या जुन्या इमारतींवर ‘आर्ट डेको’ शैलीचा प्रभाव आहे. त्या काळी नव्याने रूढ झालेल्या सलोह काँक्रीटमुळे वळणदार सज्जे व खांबाविना पुढे आलेली छज्जे बांधणे शक्य झाले. दर्शनी भागावरील आडव्या पट्ट्या, जिन्यापुढील उभ्या खिडक्या, उगवत्या सूर्याच्या किंवा लाटांच्या आकाराच्या लोखंडी जाळ्या आणि चुन्याच्या गिलाव्यात उठावाने कोरलेली इमारतीची नावे ही या शैलीची लक्षणे येथे आढळतात. इमारतीच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडल्याने प्रत्येक खोलीत उजेड व समुद्रावरचा वारा येतो. ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह येथील याच शैलीच्या इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शिवाजी पार्कचा त्यात अंतर्भाव नाही.

नागरी प्रश्न

ध्वनिप्रदूषण

मैदानावरील सभा व ध्वनिक्षेपकांच्या आवाजाविरुद्ध रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने मे २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केला. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार शांतता क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल इतकी आहे. त्यानंतर राष्ट्रीय दिवस, महापरिनिर्वाण दिन व काही निवडक कार्यक्रम यांसाठी वर्षातील मर्यादित दिवस राखून ठेवण्याची पद्धत आली. २०२२ मध्ये शिवसेनेतील फुटीनंतर दसरा मेळाव्यासाठी मैदान कोणास मिळावे, हा वादही उच्च न्यायालयात गेला होता.

धूळ

मैदानावर पसरलेली लाल माती कोरड्या हवेत उडून लगतच्या घरांत जाते. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले व श्वसनविकाराचे रुग्ण यांना तिचा विशेष त्रास होतो. पाणी शिंपडणे, गवत लावणे व पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे असे उपाय महानगरपालिकेने योजले आहेत. तथापि सततचा खेळ व मोठ्या मेळाव्यांमुळे गवत टिकून राहणे कठीण जाते.

पुनर्विकास

जुन्या इमारतींमधील बहुसंख्य रहिवासी भाडेकरू होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठलेली राहिली. भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले, परंतु तुटपुंज्या भाड्यात इमारतीची दुरुस्ती करण्यास मालक उत्सुक नसत. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजून अनेक इमारती जीर्ण झाल्या. पुनर्विकासात भाडेकरूस मालकीची नवी सदनिका मिळते आणि बांधकाम व्यावसायिकास जादा क्षेत्र विकता येते. त्यामुळे जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी उंच मनोरे उभे राहू लागले आहेत.

२०१२ मध्ये वारसा वास्तूंच्या प्रस्तावित यादीत या परिसराचा समावेश झाला, तेव्हा अनेक रहिवाशांनी त्यास विरोध केला. वारसा दर्जामुळे उंचीवर निर्बंध येतील व मोडकळीस आलेल्या घरांचा पुनर्विकास रखडेल, अशी त्यांची भीती होती. जतनाचे समर्थक मात्र मोकळ्या जागा, वृक्षराजी व इमारतींची समान उंची हीच या वसाहतीची मूळ संपत्ती असल्याचे सांगत. प्लेगनंतर उजेड व हवेसाठी घालून दिलेली उंचीची मर्यादा त्याच रहिवाशांच्या नातवंडांना सुरक्षित घराच्या आड येणारी वाटू लागली, असे या वादाचे स्वरूप आहे. मनोऱ्यांबरोबर वाहनांची संख्या वाढल्याने निवासी रस्त्यांवरील वाहनतळाचा प्रश्नही तीव्र झाला आहे. २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचे दादर स्थानक सुरू झाल्याने परिसर मेट्रोच्या जाळ्याशी जोडला गेला.

साहित्यातील नोंद

लेखिका व अनुवादक शांता गोखले यांनी या परिसराचा इतिहास, वास्तू व माणसे यांविषयी ‘शिवाजी पार्क: दादर २८’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले असून ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रे, क्रिकेटविषयक लेखन व संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या आठवणी यांतही शिवाजी पार्कचे उल्लेख वारंवार येतात.